श्वास लांबवा, रग नंतर दाखवा: योग मनाला नेमकं काय करतो

जुलैचा पाऊस एकदा लागून राहिला की कोल्हापुरात लोक सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी एक गोष्ट बघतात, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटावर आहे. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आकडे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. आणि २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांच्या घरात शिरून गेलं, मग ते सुतारमळ्यातले असू देत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले असू देत नाहीतर चिखली-आंबेवाडीचे, त्यातल्या बऱ्याच जणांना पाणी अजून पंचवीस फुटावर असतानाच छातीत धडधडायला लागतं, रात्री तीनला जाग येते, पोट बिघडतं, घरातल्यांवर उगाच चिडचिड होते. शेजारीपाजारी सांगतात टेन्शन घेऊ नका. पण टेन्शन काय कुणी हौसेनं घेत नाही हो, ते शरीरात आधी येतं आणि डोक्याला नंतर कळतं, आणि म्हणूनच नुसतं समजावून ते जात नाही. हीच गोष्ट ऊसबिल थकलेल्या शेतकऱ्याची, भावकीत बांधावरून कोर्टात गेलेल्या माणसाची, शिरोलीत फौंड्रीत आठवड्याआड नाइट करणाऱ्याची आणि पोराच्या नीटच्या निकालाकडं डोळे लावून बसलेल्या आईची.

मी योग शिकवते, आणि माझ्याकडं येणारे निम्मे लोक "पोट कमी करायचंय" म्हणून येत असले तरी थोडे दिवसांनी हळूच बाजूला येऊन विचारतात की ताई, डोकं शांत व्हायला काय आहे का. आहे, पण ते कसं चालतं हे समजून घेतलं तर जास्त चालतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते, शाळेतलं जीवशास्त्र आठवत नसलं तरी चालेल.

आपल्या शरीरात एक स्वयंचलित व्यवस्था आहे. हृदयाचे ठोके, जेवण पचणं, घाम येणं, डोळ्याची बाहुली लहानमोठी होणं, यातलं काही आपण ठरवून करत नाही, तरी ते चोवीस तास चालू असतं. कोल्हापूरकरांना हे सांगायला राधानगरी धरणापेक्षा चांगलं उदाहरण नाही. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला गेलं की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की आपोआप मिटतो, कुणी येऊन बटण दाबत नाही आणि कुणी "थांब" म्हटलं म्हणून थांबतही नाही. आपलं स्वायत्त मज्जातंतूंचं जाळं तसंच. धोका दिसला, किंवा धोका आहे असं मेंदूला नुसतं वाटलं, की एक बाजू उघडते, तिला सिम्पथेटिक म्हणतात. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनालिन सुटतं, मागून कॉर्टिसॉल, हृदय पळतं, श्वास वरवरचा आणि भराभर होतो, रक्त हातापायाच्या स्नायूंकडं वळतं, पोटाचं काम मंदावतं. पळायचं नाहीतर लढायचं असेल तर हे सगळं उत्तमच आहे. धोका टळला की दुसरी बाजू, पॅरासिम्पथेटिक, कामाला लागते आणि हळूहळू सगळं जागेवर येतं, भूक लागते, झोप येते.

अडचण कुठं होते, तर धोका टळला हे मेंदूला पटतच नाही तेव्हा. महापूर ओसरला, घर धुवून झालं, पंचनामे झाले, भिंतीवरची पाण्याची रेघ रंगवून टाकली, पण आतली पातळी खाली आलीच नाही. मग पावसाचा आवाज, ओल्या भिंतीचा वास, मोबाईलवरची एक बातमी एवढ्यावर सगळी यंत्रणा परत जागी होते. हे कुणी मुद्दाम करत नाही आणि यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही, मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडं माणसाला आधी त्रास होतो आणि मग त्रास होतो म्हणून लाज वाटते, विशेषतः पुरुषांना, ते तर बोलतच नाहीत, बीपी वाढलं की मगच कळतं.

आता गंमत अशी की धरणातून पाणी सोडायचा आणखी एक रस्ता असतो, पॉवर हाऊसचा, आणि तो माणसाच्या हातात असतो. शरीरात तसा एकच रस्ता आपल्या हातात आहे, श्वास. हृदयाला आपण "हळू चाल" असं सांगू शकत नाही, जठराला सांगू शकत नाही, पण श्वास आपोआपही चालतो आणि ठरवला तर आपल्या मर्जीनंही चालतो. आणि श्वास आणि हृदय एकमेकांना बांधलेले आहेत. हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, आत्ता करून बघा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवा, नाडी सापडली की एक निवांत लांब श्वास घ्या आणि मग त्याहून लांब सोडा. श्वास घेताना ठोके जरा जवळजवळ येतात, सोडताना लांब जातात. तरुण माणसात हा फरक चांगला जाणवतो, वय वाढेल तसा कमी होतो, तो असणं हा आजार नाही तर तब्येतीचं चांगलं लक्षण आहे.

हे घडवते ती मेंदूच्या देठापासून निघून मानेतून छातीत आणि तिथून पोटापर्यंत उतरणारी एक लांबलचक नस, व्हेगस नाव तिचं. श्वास सोडताना तिचा हृदयावरचा लगाम जरा आवळला जातो. म्हणून उच्छ्वास लांबवला की शांत करणाऱ्या बाजूला जास्त वेळ मिळतो, एवढं साधं गणित आहे. आणि या नसेतले साधारण ८० टक्के धागे मेंदूकडून शरीराकडं जाणारे नाहीतच, ते शरीराकडून मेंदूकडं बातमी नेणारे आहेत. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मेंदू सारखा विचारतोय की खाली काय परिस्थिती आहे, आणि पोट, फुप्फुस, हृदय त्याला उत्तर देतायत. श्वास वरवरचा, जबडा घट्ट, पोट आवळलेलं, असं असेल तर मेंदूला वाटतं खाली अजून गडबड आहे, मग तुम्ही तोंडानं "मी ठीक आहे" कितीही म्हणा. शरीराकडून वेगळी बातमी गेली तर मन त्यावर विश्वास ठेवतं, म्हणून योगात सुरुवात शरीरापासून होते, उपदेशापासून नाही.

आपण सहसा मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तो सहाच्या आसपास आणला, म्हणजे साधारण चार आकडे घेताना आणि सहा आकडे सोडताना, तर हृदय, रक्तदाब आणि श्वास यांचा ताल जुळायला लागतो. २००१ साली इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांनी एक फार सुंदर गोष्ट मोजली, ख्रिस्ती लोक जपमाळेवर लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणतात आणि बौद्ध लोक "ॐ मणि पद्मे हूँ" म्हणतात, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या जवळ येतो. दोन वेगळे धर्म, वेगळी भाषा, आणि श्वास एकच. आपल्या हरिपाठाकडं, भूपाळीकडं, जात्यावरच्या ओवीकडं मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघायला लागले. ओवी म्हणजे एक लांब उच्छ्वासच की. पहाटे अंधारात दळणाऱ्या त्या बायांच्या वाट्याला सुख फार नव्हतं, पण दिवस सुरू व्हायच्या आधी त्या आपलं दुःख लांब श्वासात सोडून टाकत होत्या.

आता आसनांकडं येऊया, कारण इथंच आमच्याकडं गाडी चुकते. कोल्हापूर म्हणजे तालमींचं गाव, शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं, आणि जोर-बैठका ही इथल्या रक्तातली गोष्ट आहे, मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण त्यामुळं काय होतं की आम्ही योग पण रग दाखवायला करतो. शेजारचा पायाच्या बोटांना टेकला मग मी का नाही, सूर्यनमस्कार त्यानं पन्नास घातले मग मी एकशेआठ घालणार. सूर्यनमस्कार घाला, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्यासाठी आयुष्य वेचलं, व्यायाम म्हणून त्याला तोड नाही. पण दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून, शेजाऱ्याकडं बघत केलेलं आसन मेंदूला काय सांगतं, तर लढाई चालू आहे. मन शांत करायला आलो आणि आतला भोंगा आणखी वाजवून घरी गेलो असं होतं.

पतंजलींनी आसनावर फार थोडं लिहिलंय, दोन-तीन सूत्रं फक्त. त्यातलं पहिलं सगळ्यांना ऐकून माहीत असतं, स्थिरसुखमासनम्, आसन स्थिर हवं आणि सुखाचं हवं. त्याच्या लगेच पुढचं सूत्र मात्र कुणी सांगत नाही, तिथं ते प्रयत्नशैथिल्य म्हणतात, म्हणजे धडपड सैल सोडल्यानं आसन साधतं. धडपड सैल. हे पैलवानाला सांगितलं तर तो हसणार नाही बरं का, उलट त्यालाच लवकर कळतं, कारण मेहनत संपल्यावर तांबड्या मातीत अंग टाकून पडायचं असतं आणि तेही तितकंच महत्त्वाचं असतं हे त्याला वस्तादानं शिकवलेलं असतं. आमच्यासारख्या नोकरी-दुकानवाल्यांनाच पडून राहणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं आणि शवासन लागलं की निम्मा वर्ग चटया गुंडाळायला लागतो.

मग सजगपणे करायचं म्हणजे काय करायचं? अगदी साधं उदाहरण घेते. सरळ उभं राहा, पाय खांद्याइतके लांब. काही ताणायचं नाही. आधी फक्त बघा वजन कुठं आहे, टाचेवर की चवड्यावर, उजव्या पायावर जास्त की डाव्या. बहुतेकांचं एका बाजूला असतं आणि कित्येक वर्षं तसंच असतं, कळलेलं नसतं. आता जबड्याकडं या, वरचे-खालचे दात एकमेकांवर दाबलेत का? जीभ टाळूला चिकटलीय का? ती खाली सोडली की गळ्यापासून खांद्यापर्यंत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटतं, बघा. आता श्वास घेत दोन्ही हात बाजूनं वर न्या, इतक्या हळू की एक अख्खा श्वास लागला पाहिजे, आणि सोडताना त्याहून हळू खाली. खांदे कानाकडं चढले का, कपाळाला आठी पडली का, हात वर गेल्यावर श्वास थांबला का. लक्ष मध्येच उद्याच्या डब्याच्या भाजीवर जाणार, जाऊ दे, कळलं की परत हाताकडं आणायचं, स्वतःला न रागावता. हे परत आणणं हाच खरा व्यायाम आहे. लक्ष जाणं ही चूक नाही, तिथूनच तर काम सुरू होतं.

शरीरातली आतली खबर जाणवून घेण्याची मेंदूत वेगळी जागा आहे, इन्सुला म्हणतात तिला, भूक, धडधड, पोटातला गोळा, छातीवरचं ओझं हे सगळं तिथं पोचतं. भावना ओळखायलाही हीच जागा कामाला येते. राग येतो म्हणजे आधी कान गरम होतात, हात आवळतात, श्वास छातीत अडकतो आणि मग तोंडातून शब्द जातो. हे पहिले दोन-तीन सेकंद ज्याला जाणवायला लागले त्याला शब्द गिळता येतो किंवा निदान निवडता येतो. बांधावरच्या भांडणात हे दोन सेकंद सापडले असते तर कितीतरी घरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापासून वाचली असती असं मला नेहमी वाटतं. भावनिक संतुलन म्हणतात ते हेच, राग न येणं नव्हे, राग येतोय हे वेळेत कळणं.

आता एक गोष्ट जवळून सांगते, कारण पुस्तकात ती नीट येत नाही. पुराचं पाणी घरात आलेल्या गावातल्या एक मावशी वर्गात यायच्या. शवासन लागलं, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि मावशींच्या दोन्ही हातांनी चटईची कड घट्ट धरलेली, पायाची बोटं आत वळलेली, श्वास तर दिसतच नव्हता. जवळ जाऊन बसले तर हळूच म्हणाल्या, "ताई, डोळं मिटलं की पाणी चढल्यागत वाटतंय."

"मग मिटू नका मावशी. उघडे ठेवा. पाहिजे तर उठून बसा, भिंतीला पाठ लावा."

त्या भिंतीला टेकून बसल्या, खिडकीकडं बघत. मी श्वासाचं नावच काढलं नाही. विचारलं, "तळवे जमिनीला टेकवा. फरशी कशी लागतेय?"

"गार हाय."

"सगळीकडं सारखी?"

जरा वेळानं म्हणाल्या, "टाचंला जास्त गार. बोटांकडं नाही."

मग पाठीला भिंत कुठं लागतेय, बाहेर कुठले आवाज येतायत, असं एकेक. रिक्षा गेली, कुणीतरी भांडी घासत होतं, कावळा होता. कधीतरी मध्येच त्यांनी स्वतःहून एक मोठा सुस्कारा सोडला आणि चटईवरची बोटं उघडली. बस्, त्या दिवशीचा योग तेवढाच, आणि माझ्या मते त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यात चांगला योग त्यांनी केला.

हे मुद्दाम सांगितलं कारण श्वासावर लक्ष ठेवा म्हटलं की सगळे शांत होतात असं नाही. ज्यांना पॅनिक अटॅक येतात, ज्यांनी काहीतरी भयानक सोसलंय, त्यांना श्वासाकडं बघितलं की उलट जास्त गुदमरतं, डोळे मिटले की जुनं दिसायला लागतं. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष तळव्यांवर, हातातल्या एखाद्या वस्तूवर, आवाजांवर ठेवावं, आणि शिकवणाऱ्यानं न विचारता अंगाला हात लावू नये, पाठीमागून येऊन "असं वाका" म्हणून दाबू नये. अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ मध्ये ६४ बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, जुन्या आघाताचा त्रास वर्षानुवर्षं न हटलेल्या या बायका होत्या. दहा आठवड्यांच्या योगानंतर योग करणाऱ्या गटातल्या साधारण निम्म्या जणी त्या आजाराच्या व्याख्येतून बाहेर आल्या, दुसऱ्या गटात, ज्यांना फक्त आरोग्याची माहिती देणारे वर्ग होते, तिथं साधारण पाचातली एक. अभ्यास छोटा आहे, त्यावरून जगाला औषध सापडलं म्हणायचं नाही, पण त्यात योग शिकवायची पद्धत बघण्यासारखी होती. कुणाला काही करायला लावत नव्हते, "हवं असेल तर हात वर न्या, नको असेल तर ठेवा" अशी भाषा. ज्याच्या आयुष्यात सगळं त्याच्या मनाविरुद्ध घडलंय त्याला आपल्या शरीराचं काय करायचं हे स्वतः ठरवायला मिळणं हाच अर्धा उपचार.

योग प्रयोगशाळेत मोजायचं सुरुवातीचं मोठं काम मात्र आपल्या महाराष्ट्रात झालं, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायामानं शरीरात नेमकं काय होतं हे यंत्रं लावून बघायला घेतलं, त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक काढलं. पुढं १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम बसवला, त्यात बसून ध्यान, हळू हठयोग आणि पडून अंगातल्या एकेका भागावरून लक्ष फिरवणं होतं. आज जे माइंडफुलनेस म्हणून मोबाईल अॅपवर पैसे भरून ऐकतात त्याची बरीचशी मुळं तिथं आहेत, आणि त्याच्या मागं बौद्ध विपश्यना आणि आपला योग आहे.

या सगळ्या अभ्यासांतून काय दिसतं, तर ताण, सौम्य ते मध्यम चिंता, उदासी, झोपेच्या तक्रारी, जुनी कंबरदुखी यात नियमित योगानं मदत होते, आणि बाकीच्या उपचारांच्या जोडीनं केला तर चांगली होते. यापुढचे जे दावे आहेत त्यांच्यापासून लांब राहा. एका शिबिरात एका गृहस्थांना सांगितलं की प्राणायाम करताय ना मग बीपीच्या गोळ्या बंद करा, त्यांनी केल्या, आणि आठवड्यात आयसीयूत होते. मला याचा अजून संताप येतो. गोळी कमी करायची का हे डॉक्टर ठरवतील, तुमचं बीपी मोजून. तसंच "कमरेत दुःख साठतं, हे आसन केलं की ते बाहेर पडतं" असं हल्ली फार ऐकू येतं, त्याला आधार नाही. शवासनात डोळ्यातून पाणी येतं हे मात्र खरं आहे आणि ते अगदी नॉर्मल आहे. दिवसभर पहारा देणारी यंत्रणा जरा सैल झाली की दाबून ठेवलेलं वर येतं, रडू द्यावं, कारण विचारू नये, रुमाल जवळ ठेवावा.

कपालभातीबद्दल दोन शब्द. टीव्हीमुळं ती घराघरात पोचली, पण ती भराभर आणि जोर लावून करायची क्रिया आहे, ती जागं करते, शांत करत नाही. बीपी, हृदयविकार, हर्निया, फिट येण्याचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर करायचीच नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. आणि ज्याला आधीच धडधड, घबराट आहे त्यानं श्वास कोंडून धरायच्या भानगडीत पडू नये, नुसता लांबवावा. हठयोगप्रदीपिकेत म्हटलंच आहे, चले वाते चलं चित्तं, श्वास हलला की मन हलतं. हललेल्याला आणखी कशाला हलवायचं.

त्यापेक्षा भ्रामरी करा, ती मला सगळ्यात प्रिय आहे. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, नाकानं श्वास घ्यायचा आणि सोडताना भुंग्यासारखा म् असा आवाज. आवाज काढायचा म्हटल्यावर उच्छ्वास आपोआप लांबतो, आकडे मोजायची गरज नाही, मोजताना ज्यांना टेन्शन येतं त्यांचं ते काम वाचतं. शिवाय स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं होतं की असं गुणगुणताना नाकातून येणारं नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासापेक्षा पंधरापट वाढतं, या वायूनं रक्तवाहिन्या सैलावतात, आणि गुणगुणण्यानं सायनसमध्ये हवा खेळती राहते. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभं राहून केली तरी चालते.

रात्रीची झोप ज्यांची गेलीय त्यांच्यासाठी भिंत हा सगळ्यात स्वस्त गुरू आहे. भिंतीला बूड चिकटवून पाठीवर झोपा, पाय भिंतीवर वर टाका, गुडघे थोडे वाकले तरी चालतील, डोक्याखाली घडी केलेली चादर, हात पोटावर. पाच-दहा मिनिटं, उच्छ्वास लांब. आयंगार गुरुजींनी पुण्यात उशी, पट्टा, खुर्ची, दोर असं सगळं वापरून आजारी माणसालाही आसनात सुखानं ठेवता येतं हे जगाला दाखवून दिलं, तेव्हा आधार घेतला म्हणून योग कमी झाला असं कुणी मानू नका. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत, कारण पाय भिंतीवर आणि हातात पूरपातळीची बातमी असेल तर काही होणार नाही.

जेवणाचं विचारतात म्हणून सांगते. मिसळ किंवा तांबडा-पांढरा रस्सा हाणून आल्यावर तीन-चार तास आसन नको, सकाळी उपाशीपोटी उत्तम. खाऊ नका असं मी म्हणणार नाही, गीतेच्या सहाव्या अध्यायातच आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि सारखं जागणाऱ्यालाही नाही. नाइट शिफ्टवाल्यांना हे शेवटचं पाळणं त्यांच्या हातात नाही हे मला कळतं, त्यांनी ड्यूटीवरून आल्यावर लगेच मोबाईल घेऊन आडवं पडण्याआधी दहा लांब श्वास खुर्चीत बसून सोडावेत, शरीराला कळू दे की भट्टी मागं राहिली.

रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांना वेगळा वेळ काढायचीही गरज नाही. एक फेरी कानात गाणी घालून मारा, पण त्यातला एक तुकडा, शालिनी पॅलेसच्या बाजूचा म्हणा, नुसता पावलांकडं लक्ष देऊन चाला. टाच, चवडा, टाच, चवडा. पाण्यावरून येणारा वारा गालाला कुठं लागतो. तीन पावलांत श्वास घ्या, चार-पाच पावलांत सोडा. बोलत चालणाऱ्या मैत्रिणींना आधी सांगून ठेवा नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही रुसलात.

किती दिवसांत फरक पडेल हा प्रश्न येतोच. श्वास लांबवल्यावर नाडी काही मिनिटांत उतरते, तो फरक लगेचचा. पण पावसाच्या आवाजानं दचकायचं थांबायला आठवडे लागतात, कुणाला महिने, आणि मध्ये एखादा दिवस परत पहिल्यासारखा जातो. रविवारी दोन तास करून सहा दिवस काहीच नाही यापेक्षा रोज दहा मिनिटं कधीही बरी, कारण शरीराला भरवसा रोजच्या सवयीनं वाटतो.

आणि काही वेळा एवढ्यानं भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक पार गेली असेल, कामावर जाणं जमत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर चटई बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा, योग नंतर जोडीला येईल. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. सरकारचा टेली-मानस म्हणून १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, रात्री-अपरात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि स्वतःसाठी नको वाटत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचं कसं सांभाळायचं हे विचारायलाही लावता येतो.